तपासणाऱ्याची सही

सेरंगून, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. फोनवर मी "सगळं मस्त" म्हणतो आणि तू "खोटारड्या, लिहून कळव" म्हणतेस, म्हणून ही ई-मेल. लिहिताना माणूस खरं बोलतो हा तुझा सिद्धांत किती टिकतो ते बघू.

आधी बाबांचं. आई जाऊन दहा महिने झाले, आणि बाबांना कोपरगावहून इथे आणून पाच. आत्या, माणूस नुसता बसतो गं. सकाळी खिडकीत, दुपारी खिडकीत. खाली चक्कर मारा म्हटलं तर "कशाला?" नात, आमची कादंबरी, शाळेतून आली की तेवढं हसतात. ती इंग्रजीत बडबडते, हे मराठीत उत्तर देतात.

आता हसू नकोस. ऑफिसमधला एक ऑस्ट्रेलियन मित्र कायमचा घरी परतला. जाताना त्याने मला एक खोका दिला. घरी वाइन बनवायचं किट! आत द्राक्षाच्या दाट रसाची पिशवी, यीस्टची पुडी, आणखी तीन-चार पुड्या, झाकणाची बादली, काचेची मोठी बरणी, नळ्या. सगळं जमलं तर सहा बाटल्या होतात म्हणे. घरच्यापुरती करायला इथे परवानगी आहे, विकायची नाही, एवढं मी बघून घेतलं. खोका मी शेल्टरमध्ये टाकला होता. शेल्टर म्हणजे इथल्या फ्लॅटमधली जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली. युद्ध झालं तर लपायला. तोवर इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा.

मागच्या शनिवारी बाबा तिथे छत्री शोधायला गेले आणि हातात काचेची कांडी घेऊन बाहेर आले. हायड्रोमीटर. "अरे तन्या, हा तर आपल्या ब्रिक्सचा भाऊ!" साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं अशाच कांडीने उसाच्या रसाची गोडी, म्हणजे ब्रिक्स, मोजलेला माणूस. ती कांडी खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून पाहत होते. संध्याकाळी वही मागितली, पट्टी मागितली, रकाने आखायला बसले.

जाई भडकली. लग्नाआधी तिने एकच अट घातली होती हे तुला ठाऊक आहे: घरात दारू येणार नाही. तेव्हा तिने बाबांना हॉस्पिटलात पाहिलं होतं. पण त्यांना रकाने आखताना पाहून तीही नरमली. अकरा वर्षांत त्यांनी थेंब घेतलेला नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

तू वाइनरीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलंस. सुरुवात कशी करू, सांग.

माझं ठीक. ऑफिसात फेरबदल चाललेत, म्हणून हल्ली घरूनच काम करतो.

तुझा,
तन्मय

---

नाशिक
११ फेब्रुवारी २०२५

चि. तन्मय, आशीर्वाद.

तुझी मेल वाचता वाचता तव्यावरचं थालीपीठ जळलं. अक्कल गहाण टाकलीस का रे? ज्या माणसाने दारूपायी लिव्हर घालवलं, त्याच्या उशापाशी दारूची बादली ठेवतोस? आणि वर "विश्वास आहे" म्हणतोस!

तू हॉस्टेलवर होतास, तुला निम्मं माहीत नाही. स्मितावहिनी बाटलीच्या लेबलवर पेन्सिलने बारीक खूण करायची. दादा प्यायचा आणि खुणेपर्यंत पाणी घालून ठेवायचा. तिला कळायचं. तिला कळलंय हे त्याला कळायचं. आणि दोघं समोरासमोर बसून मुकाट्याने आमटी-भात जेवायचे. अशी वीस वर्षं. मी दर दिवाळीला भांडून परत यायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, माझं तर अख्खं तोंड पोळलंय.

खोका फेकून दे असं माझं स्पष्ट मत आहे. पण दादाने वही आखली म्हणतोस, तिथे मी अडले. कारखाना सुटल्यापासून त्याने वही हातात धरलेली नव्हती.

तेव्हा करायचंच असेल तर नीट करा. बादली, नळ्या, चमचा, सगळं खोक्यातल्या जंतुनाशक पावडरच्या पाण्याने धुवायचं. आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची ना, तसं. एक खरकटा चमचा पडला तर तुला वाइन नाही, व्हिनेगर मिळेल. झाकण घट्ट ठोकून बसू नका, आतला वायू त्या पाण्याच्या नळीतून बाहेर पडला पाहिजे. तुमच्या उकाड्यात यीस्ट पिसाळतं, एसीच्या खोलीत ठेवा. हायड्रोमीटर साध्या पाण्यात हजार दाखवतो. रस गोड म्हणून आकडा हजाराच्या वर. साखरेची दारू झाली की आकडा हजाराच्याही खाली उतरतो, कारण अल्कोहोल पाण्याहून हलकं. हे दादाला सांगायला नको, तुला सांगतेय.

आणि रोजचे आकडे मला कळव. उंटावरून शेळ्या हाकतेय म्हण हवं तर.

सुनेत्राआत्या

---

सेरंगून
२ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तू शिव्या घातल्यास, पण तुझा सल्ला तंतोतंत पाळला. पंधरा फेब्रुवारीला रस कालवला, यीस्ट टाकलं. दुसऱ्या दिवशी झाकणावरची नळी गुडगुडायला लागली. कादंबरी म्हणाली, "Ajoba, it's burping lah!" आणि बाबा जे हसले! आई गेल्यापासून इतके मोकळे पहिल्यांदाच.

त्यांची वही पाहायला हवीस. तारीख, वेळ, तापमान, आकडा. तापमान लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, खोली गार-गरम असली तर कांडी फसवते म्हणे. रोज एसी सत्तावीसवर लावून अर्धा तास थांबतात. शेवटी दोन रकाने: "मोजणारा" आणि "तपासणारा". कारखान्यात एकाच माणसाच्या सहीचा आकडा कुणी धरत नसे. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजून सही करायची. त्यामुळे रोज सकाळी माझ्या चहाजवळ वही उघडी असते आणि मला "तपासणारा" म्हणून सही करावी लागते. वाकून कांडी बघायची आणि सही ठोकायची, एवढंच मला येतं. रस १०८५ वर होता, परवा ९९४ झाला. आता बादलीतून काचेच्या बरणीत काढलाय.

बाबा चवीला जीभसुद्धा लावत नाहीत. "चव तू घे, मी फक्त आकडा." मी चमचाभर घेतली. कच्ची आहे, पण वाईट नाही.

आणखी एक आनंदाची बातमी. बाबा आता रोज सकाळी दहाला खाली उतरतात! कोपऱ्यावरच्या कोपीटियममध्ये (इथलं चहा-कॉफीचं हॉटेल) बसतात, "तेह सिउ दाई" मागतात, म्हणजे कमी साखरेचा चहा. आयुष्यभर साखर मोजली त्याने कमी साखर मागावी! बारा-साडेबाराला परत येतात. जाई ऑफिसात, कादंबरी शाळेत, घर शांत. मला कामाला बरं पडतं.

बघितलंस? उगाच घाबरलीस तू.

तन्मय

---

नाशिक
५ मार्च २०२५

चि. तन्मय,

दादा खाली चहा प्यायला जातो हे वाचून बरं वाटलं. देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

आता शेवटचा आणि कंटाळवाणा भाग. आंबणं थांबलं की उरलेल्या पुड्या घालायच्या, मग गाळ बसू द्यायचा, वाइन नितळेपर्यंत हात लावायचा नाही, आकडा तीन-चार दिवसांनी एकदा घेतला तरी पुरे. बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी, वर हवा राहिली तर बिघडते. आकडा चार-पाच दिवस जागचा हलला नाही की बाटल्या भरा.

तुझ्या मेलमध्ये ऑफिसचं एक अक्षर नाही. ते फेरबदल कुठवर आले? तुझ्या नोकरीच्या पासवर दादाचा तिथे राहायचा पास अवलंबून आहे ना? मी मूर्ख नाही, विचारलं की सांगत जा.

आत्या

---

सेरंगून
२० मार्च २०२५

प्रिय आत्या,

ऑफिस ठीक आहे. फेरबदल होतच असतात.

बाबांना जरा समजावशील का? वाइन नितळ झालीय, सुरेख दिसतेय, बरणी गळ्यापर्यंत भरलेली आहे, आणि ते बाटल्या भरू देत नाहीत. "आकडा स्थिर नाही" एवढंच. गेला आठवडाभर घुमे झालेत. माझ्याशी धड बोलत नाहीत. परवा बोलताना माझा आवाज जरा चढला, जाईसमोरच. नंतर वाईट वाटलं. मला हल्ली पटकन राग येतो.

आणि ती वही! रोज सकाळी चहाच्या कपाला टेकवून उघडी. मी या चार ओळींवर सही केलेली नाही. सारखं काय तपासायचं? तूच बघ आणि सांग त्यांना, एवढ्याशा फरकाने काय होतं:

८ मार्च, २७ अंश, ९९२
१२ मार्च, २७ अंश, ९९३
१५ मार्च, २७ अंश, ९९४
१९ मार्च, २७ अंश, ९९५

एक एक आकड्याचा तर फरक आहे. यात अडून बसण्यासारखं काय आहे?

तन्मय

---

नाशिक
२१ मार्च २०२५

तन्मय,

खुर्चीवर बस आणि मग वाच.

उतरलेला आकडा आपोआप चढत नाही. कधीच नाही. साखर संपली की कांडी खाली जाते आणि तिथेच राहते. खोली गार झाली तर थोडी फसवते, पण दादाने चारही वेळा सत्तावीस अंश लिहिलेत. मग कांडी वर कशी गेली? एकच मार्ग आहे. बरणीत पाणी पडतंय. कुणीतरी वाइन काढतंय आणि तेवढंच पाणी घालतंय, म्हणून तुझी बरणी गळ्यापर्यंत भरलेली दिसते. मी हिशेब केला. तुझ्या साडेचार लिटरमधलं दीड लिटरहून जास्त आता नळाचं पाणी आहे.

आता मला सांग, पाणी घालून खूण गाठायची ही विद्या आपल्या घरात कुणाची?

अकरा वर्षं, तन्मय! वहिनी असती तर आज पुन्हा मेली असती. घुमा झालाय म्हणतोस, घुमा होणारच. पूर्वीही असाच व्हायचा.

जाईला आजच सांग. कादंबरी दुपारभर त्याच्याजवळ असते, हे विसरू नकोस. आणि त्याला पहिल्या विमानाने इकडे पाठव, मी बघते. तू गरीब आहेस, तुला बोलवणार नाही, म्हणून सांगते: माझी ही मेल त्याच्यापुढे धर. बाकी काही बोलू नकोस.

आत्या

---

सेरंगून
२५ मार्च २०२५

आत्या,

तू म्हणालीस तसं केलं.

रविवारी जेवणं झाल्यावर तुझी मेल बाबांपुढे धरली. जाई तिथेच होती. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी वाट पाहत होतो की ते काहीतरी बोलतील. म्हणाले, "सुनेत्राचं शास्त्र बरोबर आहे." चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि खोलीत गेले.

जाई रडली. म्हणाली, मी त्यांना माझ्या पोरीजवळ बसवत होते. उठून बरणी बाथरूममध्ये उपडी केली. मी अडवलं नाही.

कादंबरीला सांगितलं, आजोबांना घराची आठवण येतेय, म्हणून ते परत चाललेत. तिने विचारलं, मग वही का नेत नाहीत? वही त्यांनी डायनिंग टेबलावर ठेवलीय, ती बॅगेत भरली नाही.

शनिवारी एकोणतीसला त्यांचं विमान आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी. नाशिकला येणार नाहीत, कोपरगावला आपल्या घरी जातो म्हणतात.

मला जास्त लिहवत नाही.

तन्मय

---

कोपरगाव
५ एप्रिल २०२५

प्रिय सुनेत्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं कुरियरने आलेलं पत्र मिळालं. त्यातलं एकेक वाक्य वीस वर्षांपूर्वी लिहिलं असतंस तर मी मान खाली घातली असती. नाशिकच्या कुठल्या डॉक्टरांची वेळ घेतलीस म्हणतेस, ती रद्द कर. मी घेतलेली नाही. थेंबही नाही.

आता तू विचारशील, मग गप्प का राहिलास. सांगतो, पण हे तुझ्यापाशीच ठेव. स्मिताची शपथ आहे.

तन्मयची नोकरी गेली आहे. त्याने घरात सांगितलेलं नाही. नोटिशीचे तीन महिने चालू असतील, म्हणून अजून पास आहे. लॅपटॉप उघडून बसायचा, पण पडद्यावर तास न् तास तेच एक पान. फोन वाजत नाही, मीटिंग नाही. माझी हयात शिफ्टमध्ये गेली, काम करणारा माणूस कसा बसतो हे मला कळतं. मी बाहेरून आलो की तो वेलदोडा चघळत असायचा. सुनेत्रा, मी वीस वर्षं वेलदोडा चघळलाय.

बारा मार्चला आकडा एकने चढला. दोनदा मोजला. मग मी जे केलं ते तुला सांगायला लाज वाटते. मी त्याला विचारलं नाही. आकडा खरा लिहिला आणि वही त्याच्या चहाजवळ ठेवली. म्हटलं, तपासेल. तपासताना त्याला कळेल की मला कळलंय. तो बोलेल. त्याने बघितलंच नाही. पंधराला पुन्हा ठेवली, एकोणीसला पुन्हा ठेवली. त्याला आकड्याचा अर्थ लावता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याने तेच आकडे उचलून तुला पाठवले.

मला दारुडा म्हटलं तर कुणाला नवल वाटत नाही. त्याला म्हटलं तर जाई थांबणार नाही, तिची अट मला माहीत आहे, ती माझ्यामुळेच घातलेली. म्हणून उठलो आणि आलो.

पण विमानात बसल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. स्मिता खूण करायची आणि गप्प बसायची. मी वही ठेवली आणि गप्प बसलो. तिचं गप्प बसणं मला वीस वर्षं प्यायला पुरलं होतं.

प्रकृतीची काळजी घे. तुझ्या गुडघ्यांना तीळतेल लाव.

तुझा दादा,
पद्माकर

---

नाशिक
८ एप्रिल २०२५

तन्मय,

दादाने वहिनीची शपथ घातली आहे. मी ती मोडतेय. वर गेल्यावर तिच्याशी माझं मी निस्तरेन.

आधी माझं पाप सांगते. एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली आणि शेंबड्या पोराला सुचेल ते मला सुचलं नाही. पाणी घालणारा माणूस चढलेला आकडा स्वतःच्या हाताने लिहून ठेवेल का? तापमानासकट? सही करून? दादाला ९९२ च्या खाली पुन्हा ९९२ लिहिणं काय अवघड होतं? तो केमिस्ट आहे, मूर्ख नाही. त्या वहीतला एकेक आकडा ओरडून सांगत होता की हा माणूस स्वच्छ आहे. पण माझ्या डोळ्यांवर वीस वर्षांचा राग होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.

आणि चोराने ती मेल स्वतःच्या हाताने संन्याशापुढे धरली.

जाई ऑफिसात. कादंबरी शाळेत. दादा दहा ते साडेबारा खाली. घरात कोण होतं रे? तूच मला लिहिलंस, "घर शांत." तुझ्या नोकरीचंही मला कळलंय.

माझ्या बाळा, नोकरी गेली तर जाते. मी काय, दादा काय, कुणी तुला एका शब्दाने बोललं असतं का? पण बाप समोर बसलाय, त्याच्यावर आळ येतोय, आणि तू वाट पाहतोस की तो काहीतरी बोलेल! हे मला गिळवत नाही. खाण तशी माती असं लोक म्हणतात. म्हणू देत. पण तुझ्या खाणीने यावेळी काय केलं तेही बघ.

मला उत्तर लिहू नकोस. मी तुझी कोण? ज्याला लिहायचं त्याला लिही. आणि जाईला माझ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. मी रविवारपर्यंत थांबते.

आत्या

---

सेरंगून
१२ एप्रिल २०२५

ती. बाबा,

नमस्कार. तीन दिवस हे पत्र लिहितोय. ई-मेल केली असती, पण सोबत पान पाठवायचं होतं. वहीतलं पान फाडायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून झेरॉक्स आहे.

सहा फेब्रुवारीला मला कामावरून काढल्याचं सांगितलं. एप्रिलअखेर पगार आहे, मग पास रद्द. मी जाईला उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. तुम्हाला इथे आणून पाच महिनेच झाले होते. आई नाही, घर बंद करून आलात, आणि आता मी म्हणू की चला परत? त्यात तुम्ही हसायला लागलात. ती नळी गुडगुडली तेव्हाचा तुमचा चेहरा मला मोडायचा नव्हता.

चमच्याची चव घेतली, मग कप झाला. तुम्ही खाली गेलात की घरात इतकी शांतता व्हायची की लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज यायचा. पहिल्या कपानंतर तो यायचा नाही. एवढंच कारण आहे, बाबा. मोठं काही नाही.

पाणी घातलं की कळणार नाही असं मला वाटलं. आत्याची मेल आली तेव्हा कळलं की तुम्ही बारा मार्चपासून मला सांगत होता. आणि तरी मी ती मेल तुमच्यापुढे धरली. तुम्ही चष्म्याची घडी केलीत तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी तेव्हा सुटलो म्हणून श्वास सोडला होता. हे मी जाईलाही सांगितलं.

बरणी तिने ओतली तेव्हा वाटलं, संपलं एकदाचं. तुमचं विमान गेल्यावर तिसऱ्या दिवशी मॉलमधून बाटली आणली. हेही सांगितलं. दारू सोडायची म्हणून पॉलीक्लिनिकमध्ये, इथल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन आलो, मंगळवारी पुढची तारीख आहे.

परवा वही जाईपुढे ठेवली. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी बाबांना काय काय बोलले, तन्मय." मग कादंबरीला घेऊन यिशुनला तिच्या मैत्रिणीकडे, मैत्रेयीकडे गेली. परत येईन म्हणाली नाही. येणार नाही असंही म्हणाली नाही. कादंबरीने जाताना विचारलं, "Ajoba never do, right?" म्हटलं, आजोबांनी नाही केलं.

पानावर तुमच्या आकड्यांपुढे तपासणाऱ्याच्या रकान्यात सह्या केल्यात. त्यापुढे मी एक रकाना वाढवलाय, तुम्हाला न विचारता. प्रत्येक वेळी मी किती काढली ते आठवून लिहिलंय. बारा तारखेपर्यंत अर्ध्या लिटरहून थोडी जास्त. पंधरापर्यंत तेवढीच आणि वर अर्धा कप. एकोणीसपर्यंत पाऊण लिटर.

क्षमा मागायला तोंड नाही. पान तपासा.

तुमचा,
तन्मय

---

कोपरगाव
२१ एप्रिल २०२५

चि. तन्मय,

पान मिळालं. मी त्याच वेळी मनाशी दोन लिटर धरले होते. तुझी बेरीज तेवढीच येते. आकडे जुळतात. खाली सही केली आहे, प्रत परत पाठवतो. ती जाईला दे.

जाईचा फोन आला होता. ती बोलली कमी, रडली जास्त. मी तिला सांगितलं की तुझी अट बरोबर होती आणि अजूनही बरोबर आहे. थांबायचं की नाही ते तू ठरव, आम्ही कुणी तुला आग्रह करणार नाही. तन्मय, तूही तिला आग्रह करू नकोस. दवाखान्याची एकही तारीख चुकवू नकोस. पास संपला की इथे ये. एकटा आलास तरी ये. मागची खोली झाडून घेतली आहे.

सुनेत्रा येऊन गेली. दारातच माझे पाय धरायला वाकली, तिचा गुडघा आखडला, मग मलाच तिला उचलावं लागलं.

आता एक नोंद माझ्याकडची राहिली आहे. तू तुझा रकाना भरलास, मीही भरायला हवा. मी रोज दहाला खाली जायचो तो चहासाठी नाही. तो चहा मला आवडतही नव्हता. आकडा घेताना बरणीचं बूच काढलं की जो वास यायचा, त्यानंतर मला त्या घरात बसवत नव्हतं. अकरा वर्षांनंतरही नाही. मी अडीच तास खालच्या बाकावर स्वतःचेच हात धरून बसायचो आणि म्हणायचो, आजचा दिवस निभला. मी स्वतःला त्या बरणीपासून लांब नेलं. वर तू तिच्यासोबत एकटा आहेस, हे माझ्या मनातही आलं नाही.

बाबा